कौटुंबिक उपाहारगृहातील अगत्य: दार उघडण्यापूर्वीपासून निरोपापर्यंतचा क्रम

घरच्याच माणसांनी चालवलेल्या छोट्या हॉटेलात एक दृश्य वारंवार दिसते. मालक ओळखीच्या टेबलाशी उभे राहून मनापासून गप्पा मारत असतात आणि त्यांच्या पाठीमागे, तीन पावलांवर, एक अनोळखी गिऱ्हाईक रिकामा पेला हातात धरून मान वळवून कोणाला तरी शोधत असते. मालकांना विचारले तर आमच्याकडे अगत्याला काही कमी नाही असे ते सांगतात, आणि ते खोटेही नसते. फक्त ते अगत्य ज्या टेबलाला त्या क्षणी हवे होते तिथे पोहोचलेले नसते.

या लेखात ती शोधणारी नजर हेच मोजमाप मानले आहे. गिऱ्हाइकाला जितक्या वेळा मान वर करून माणूस शोधावा लागतो, तितक्या वेळा आपल्या कामाचा क्रम कुठेतरी चुकलेला असतो. पुढील टप्पे आठ-दहा टेबलांच्या आणि तीन ते सहा माणसांच्या हॉटेलासाठी लिहिले आहेत. ते याच क्रमाने बसवावेत; पहिले दोन टप्पे गाळून थेट तिसऱ्यापासून सुरुवात करणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे.

टप्पा १. कोण कोठे उभे राहणार, हे आदल्या दिवशी ठरवा

कौटुंबिक हॉटेलात सगळेच सगळे करतात, आणि त्यामुळे गर्दीच्या वेळी दाराकडे कोणाचेच लक्ष नसते. दार, टेबले, स्वयंपाकघर आणि गल्ला अशा चार जागा मानाव्यात आणि प्रत्येक पाळीसाठी त्यांच्यापुढे नाव लिहावे. माणसे कमी असतील तर एकाला दोन जागा द्याव्यात, मात्र दार आणि स्वयंपाकघर या दोन जागा एकाच माणसाला देऊ नयेत, कारण चुलीवर काही असताना दाराकडे पाहणारा माणूस दोन्ही कामे बिघडवतो. ‘दार’ सांभाळणाऱ्याने दारातच उभे राहावे असे नाही. कोणी आत आले की ते सर्वांत आधी ज्याच्या लक्षात यायला हवे तो हा माणूस. तो पाच मिनिटांसाठी आत गेला तर त्याने बदली माणसाला तोंडाने सांगून जावे. ‘तिला दिसेलच’ या गृहीतकावर घर चालते, हॉटेल चालत नाही.

दुसरी तयारी घरातल्या कुरबुरींची. त्या होणारच आहेत, म्हणून त्या थांबवण्याचे एक साधे वाक्य आधीच ठरवून ठेवावे, उदाहरणार्थ ‘हे रात्री पाहू’, आणि ते कोणीही उच्चारले, अगदी घरातल्या सर्वांत लहान माणसाने उच्चारले, तरी विषय तिथेच थांबावा. आमच्याकडे एकदा चुकलेल्या ऑर्डरवरून वडील आणि मी काउंटरमागे हळू आवाजात बोलत होतो, निदान आम्हाला तसे वाटत होते. जवळच्या टेबलावरच्या बाई बिल देताना वडिलांना म्हणाल्या, ‘राहू द्या हो, तो काही मुद्दाम नाही करत.’ त्यांनी जेवणाच्या चवीबद्दल एक शब्दही काढला नाही, कारण त्या जेवल्याच नव्हत्या. त्या आमचे भांडण ऐकत होत्या.

तिसरी गोष्ट साधी आहे आणि तरी टाळली जाते. दार उघडण्याच्या निदान अर्धा तास आधी घरच्यांनी बसून जेवून घ्यावे. दुपारी तीनपर्यंत उपाशी राहिलेल्या माणसाकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवणे व्यवहाराला धरून नाही.

सावधान: घरातील लहान मुले हॉटेलात थांबत असतील तर त्यांची एक ठरलेली, मागची जागा असावी. कौतुक म्हणून त्यांच्या हाती गरम ताट देऊन टेबलाकडे पाठवू नये.

टप्पा २. उघडण्यापूर्वीचा तास: प्रत्येक खुर्चीत स्वतः बसून पाहा

मालक आपले हॉटेल नेहमी उभ्याने पाहतो आणि गिऱ्हाईक ते बसून पाहते. म्हणून रोज दोन-तीन, आणि आठवड्यातून एकदा सर्व खुर्च्यांत बसून पाहावे. टेबल डगमगते का, दिवा थेट डोळ्यांवर येतो का, पंख्याचा झोत ताटावर येतो का, स्वच्छतागृहाचे दार समोर दिसते का, टेबलाच्या खालची बाजू गुडघ्याला चिकट लागते का, हे उभ्याने कळत नाही. जेवणाचे टेबल साधारण ७५ सेंटिमीटर आणि खुर्चीची बैठक साधारण ४५ सेंटिमीटर उंच असली की बहुतेकांना आरामात बसता येते. जुनी खुर्ची आणि नवे टेबल अशी जोडी जमवली की हे अंतर बिघडते आणि माणूस का अवघडला आहे हे त्यालाही सांगता येत नाही. मुख्य वाटेत, खुर्च्या मागे सरकवलेल्या असतानाही, सुमारे ९० सेंटिमीटर जागा मोकळी राहिली पाहिजे. हे माप खुर्च्या टेबलाखाली ढकलून घेऊ नये, कारण तशा अवस्थेत तिथे कोणीही जेवत नसते.

त्यानंतर पुढील क्रमाने फिरावे: स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी, टेबलावरची भांडी, मेनूकार्ड आणि शेवटी फडकी. फडके नाकाजवळ नेऊन पाहावे. टेबल पुसलेले दिसते पण त्याला ओल्या फडक्याचा कुबट वास येतो, आणि तो वास गिऱ्हाइकाचा चेहरा ताटाजवळ आला की सर्वांत आधी कळतो. टेबलाची आणि स्वयंपाकघराची फडकी वेगळ्या रंगांची ठेवावीत.

मग स्वयंपाकघर आणि दर्शनी माणसे यांची पाच मिनिटांची बैठक घ्यावी. आज कोणता पदार्थ नाही, कोणता थोडाच आहे, कोणत्याला वेळ लागेल, एवढे तीन मुद्दे पाटीवर लिहावेत. गिऱ्हाइकाने मेनू पाहून मन बनवल्यावर ‘ते आज नाही’ आणि दुसऱ्यांदा विचारल्यावर ‘तेही नाही’ असे ऐकवणे हा सरळ सरळ अपमान आहे. जे नाही ते मेनूकार्ड हातात देतानाच सांगावे.

याच वेळी ॲलर्जीचा तक्ता अद्ययावत करावा. प्रत्येक पदार्थापुढे गव्हासारखी ग्लुटेन असलेली धान्ये, दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकड्यासारखे कवचधारी जलचर, शेंगदाणे, बदाम-काजूसारखा सुकामेवा, सोयाबीन आणि तीळ यांपैकी काय आहे याची खूण असावी. तयार मसाला, सॉस किंवा पीठ यांचा उत्पादक बदलला की पाकीट पुन्हा वाचावे, कारण चव तीच राहते आणि घटक बदलतात.

पडताळणी: दोन माणसांनी समोरासमोर बसून नेहमीच्या आवाजात बोलून पाहावे. पुढे वाकावे लागले तर संगीत कमी करावे.

टप्पा ३. पहिले अर्धे मिनिट

गिऱ्हाईक आत आल्यावर काही सेकंदांतच त्याला आपली दखल घेतल्याचे कळले पाहिजे. हात रिकामे नसतील तरी मान हलवून ‘या, दोन मिनिटांत आलोच’ एवढे म्हणता येते. पुष्कळ घरांत असा समज आहे की हातातले काम संपवून, मग हात पुसून, मग नीट स्वागत करणे जास्त आदराचे. तसे नाही. दारात उभे राहिलेल्या माणसाला ते अर्धे मिनिट फार लांब वाटते, आणि आपल्याला कोणी पाहिले की नाही हे कळत नसेल तर आणखीच लांब.

ओळखीच्या गिऱ्हाइकाबाबत उलट चूक होते. त्याचे स्वागत मोठ्या आवाजात, नावाने, घरच्यांची चौकशी करत होते आणि त्याच वेळी आलेल्या नव्या माणसाला नुसते बोटाने टेबल दाखवले जाते. जुन्या माणसाला कमी देण्याची गरज नाही, क्रम बदलावा. आधी नव्या माणसाला बसवावे, पाणी द्यावे आणि मग जुन्याकडे जाऊन निवांत बोलावे. जुना माणूस हे समजून घेतो, नवा घेणार नाही.

जागा नसेल तर वेळ सांगताना स्वतःच्या अंदाजात थोडी भर घालावी. वीस मिनिटे सांगून पंधरा मिनिटांत बसवलेला माणूस खूश होऊन बसतो. दहा सांगून पंधरा लावलेला माणूस चिडून बसतो, आणि दोघांनी वाट सारखीच पाहिलेली असते.

सावधान: एकट्या आलेल्या माणसाला ‘एकटेच का?’ असे विचारू नये. ‘किती जण?’ पुरेसे आहे. त्याला स्वच्छतागृहाशेजारची उरलेली जागा देण्याचा मोहही टाळावा.

टप्पा ४. बसवणे आणि ऑर्डर घेणे

पाणी आणि मेनूकार्ड एकत्र द्यावे, आणि मग टेबल सोडावे. ऑर्डरच्या वहीवर पेन टेकवून डोक्याशी उभे राहिले की माणसे घाईत काहीतरी सांगून मोकळी होतात. मेनूकार्ड मिटले जाणे ही बोलावल्याची खूण मानावी.

ऑर्डर घेताना तीन गोष्टी कराव्यात. प्रमाण सांगावे, म्हणजे दोघांना एवढे पुरेल की नाही. जास्त मागवले जात असेल तर तसे स्पष्ट म्हणावे, कारण ताटात उरलेले अन्न पाहताना गिऱ्हाइकाला आपण फसवले गेलो असे वाटते. ज्याला वेळ लागणार आहे तो पदार्थ ओळखून तो वेळ सांगावा. आणि संपूर्ण ऑर्डर परत म्हणून दाखवावी. या शेवटच्या कामाला पंधरा सेकंद लागतात आणि तेच सर्वांत आधी गाळले जाते.

ॲलर्जीबद्दल गिऱ्हाइकाने काही सांगितले तर ‘काळजी करू नका’ हे उत्तर देऊ नये. तक्ता पाहावा, स्वयंपाकघरात स्वतः जाऊन विचारावे आणि परत येऊन काय कळले ते सांगावे. तयार पदार्थातून नको असलेला घटक वेचून काढल्याने ॲलर्जीचा धोका जात नाही. त्याच तेलात तळलेल्या किंवा त्याच चमच्याने ढवळलेल्या पदार्थातही तो शिल्लक राहतो. खात्री देता येत नसेल तर ‘आमच्या स्वयंपाकघरात हे वेगळे ठेवणे जमणार नाही’ असे म्हणावे. हा नकार गिऱ्हाइकाला आवडतोच असे नाही, पण तो द्यावा.

टप्पा ५. वाट पाहण्याचा काळ

तक्रारींपैकी बऱ्याच इथे जन्म घेतात, आणि इथेच घरचे लोक सर्वांत जास्त गडबडतात, कारण उशीर झाला की त्यांना टेबलाकडे जायचीच लाज वाटते. मग ते नजर चुकवून, खाली पाहत, भराभर शेजारून निघून जातात. गिऱ्हाइकाला उशिरापेक्षा ही चुकवलेली नजर जास्त खुपते.

पहिला नियम असा की सांगितलेला वेळ संपण्याआधीच, साधारण अर्धा वेळ उलटल्यावर, टेबलाकडे एक फेरी व्हावी. या फेरीत माफी मागायची नसते. पाणी भरायचे आणि ऑर्डर कुठवर आली ते सांगायचे. ‘होतच आहे’ हे वाक्य हॉटेलातून हद्दपार करावे, कारण ते बटाटे सोलणे चालू असतानाही खरे असते. त्याऐवजी ‘तुमची ऑर्डर आता चुलीवर गेली, अजून दहा मिनिटे धरा’ असे सांगावे, आणि ते सांगण्याआधी आत जाऊन पाहून यावे.

दुसरा नियम लहान मुलांचा. सोबत मूल असेल तर त्याचे खाणे आधी द्यायचे का, हे ऑर्डर घेतानाच विचारावे. भुकेले मूल रडू लागले की आई-बाप ओशाळतात, शेजारची टेबले वळून पाहतात, आणि एका उशिराची झळ तीन टेबलांना लागते. मात्र न विचारता मुलाच्या हातात काही खायला देऊ नये. त्याला काय चालते हे आपल्याला ठाऊक नसते.

तिसरा नियम स्वयंपाकघराचा. एका टेबलावरच्या सर्वांची ताटे शक्यतो एकत्र यावीत, म्हणून ज्याला सर्वांत जास्त वेळ लागतो तो पदार्थ आधी चढवावा आणि झटपट होणारा शेवटी. नवखा आचारी उलट करतो. सोपे आधी उरकतो, आणि मग एक जण जेवतो व दुसरा त्याच्याकडे पाहत बसतो. वेळ वाचवण्यासाठी आगाऊ करून ठेवलेले पदार्थ ६० अंश सेल्सिअसच्या वर गरम किंवा ५ अंशांच्या खाली थंड ठेवावेत. या दोन आकड्यांच्या मधल्या तापमानात जंतू वेगाने वाढतात आणि शिजवलेले अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवणे धोक्याचे असते. पुन्हा गरम करताना ते आतपर्यंत, निदान ७० अंशांपर्यंत तापले पाहिजे. स्वयंपाकघरात एक टोचण्याचा थर्मामीटर ठेवावा. हाताच्या अंदाजावर वीस वर्षे काढलेली माणसे या सूचनेवर रुसतात. त्यांना रुसू द्यावे आणि थर्मामीटर ठेवावा.

पडताळणी: खोलीच्या कोपऱ्यात एक मिनिट उभे राहून सर्व टेबलांवरचे चेहरे पाहावेत. कोणी दाराकडे, स्वयंपाकघराकडे किंवा घड्याळाकडे पाहत असेल तर आधी त्या टेबलाकडे जावे.

टप्पा ६. वाढल्यानंतर

‘कसे झाले आहे?’ हा प्रश्न ताट ठेवताक्षणी विचारू नये, आणि ताट रिकामे झाल्यावर तर मुळीच नाही. दोन-तीन घास झाल्यावर जावे, कारण तेव्हा मीठ कमी असल्यास ते दुरुस्त करता येते. प्रश्नही नेमका असावा: ‘तिखट जास्त झाले का?’ असे विचारले की खरे उत्तर मिळते. ‘सगळे छान ना?’ असे विचारले की माणूस भिडेपोटी मान डोलावतो. त्यानंतर टेबलापासून दूर राहावे. आग्रह एकदाच करावा. दुसऱ्यांदा नको म्हटल्यावरही वाढणे हे आपल्या समाधानासाठी असते. एकाचे जेवण चालू असताना दुसऱ्याचे ताट उचलू नये, कारण जेवणारा घाई करू लागतो.

टप्पा ७. चूक झाली तर

चूक कशी निस्तरायची हे चूक होण्याआधी ठरलेले असावे. प्रत्येक पाळीत एका माणसाला पदार्थ बदलून देण्याचा किंवा त्याचे पैसे न लावण्याचा अधिकार असावा आणि त्याने तो कोणालाही न विचारता वापरावा. ‘बाबांना विचारून सांगते’ असे म्हणत गिऱ्हाइकाला बसवून ठेवले तर मूळ चूक राहते बाजूला.

क्रम असा ठेवावा. पूर्ण ऐकून घ्यावे, मध्ये बोलू नये. ‘आमच्याकडून चूक झाली’ असे एकदाच, स्पष्ट म्हणावे. ते ताट टेबलावरून लगेच उचलावे. केस निघालेले ताट समोर ठेवून चर्चा करणे असह्य असते. दुसरे आणायचे की वेगळे काही हवे, हे गिऱ्हाइकालाच विचारावे आणि किती वेळ लागेल ते सांगावे. नवे ताट सर्वांच्या आधी चढवावे, आणि ते ज्याने चूक ऐकून घेतली त्यानेच आणून ठेवावे.

या क्रमात कौटुंबिक हॉटेलाचा खास अडथळा असा की स्वयंपाक आईने किंवा भावाने केलेला असतो आणि तक्रार मनाला लागते. मग ‘आजपर्यंत कोणी असे म्हटले नाही’ हे वाक्य तोंडातून निसटते. त्याचा अर्थ गिऱ्हाइकाच्या कानाला ‘तुम्ही खोटे बोलता’ असा लागतो. तितकीच वाईट खोड म्हणजे घरच्याच माणसावर ढकलणे: ‘काय करणार, ऐकतच नाही तो’. तक्रार स्वयंपाकघरात नेतानाही चेहऱ्यासकट न नेता शब्दांतच न्यावी: अमुक टेबल, अमुक पदार्थ, मीठ जास्त. कोण म्हणाले हे पाहायला आचाऱ्याने दाराच्या फटीतून डोकावू नये. गिऱ्हाइकाला ते दिसते.

सावधान: दोन प्रसंगी हा क्रम लागू होत नाही. जेवताना ओठ-जीभ सुजणे, अंगावर पित्त उठणे, श्वास लागणे असे काही दिसले तर ते ॲलर्जीचे गंभीर लक्षण समजून ताबडतोब रुग्णवाहिका बोलवावी; त्या व्यक्तीजवळ ॲड्रेनलिनचे इंजेक्शन असेल तर ते लगेच घेण्यास मदत करावी. घास अडकल्यास माणूस जोरात खोकत असेल तर त्याला खोकू द्यावे. आवाज फुटत नसेल तर त्याला पुढे वाकवून पाठीवर, खांद्याच्या दोन पात्यांच्या मधोमध, तळहाताच्या टाचेने पाच जोरदार थापा आणि मग मागून बेंबीच्या वर पाच वेळा पोट आत-वर दाबणे, असे आलटून पालटून करावे व दुसऱ्या माणसाने मदतीसाठी फोन करावा. एक वर्षाखालील बाळाचे पोट दाबू नये. घरातील निदान दोघांनी हे प्रत्यक्ष प्रशिक्षणात शिकून घ्यावे. वाचून हात बसत नाही.

टप्पा ८. बिल आणि निरोप

बिल मागितल्याशिवाय देऊ नये आणि मागितल्यावर थांबवू नये. उठायचे ठरवलेल्या माणसाला पाच मिनिटेही जड जातात, आणि इथपर्यंतचे सगळे चांगले काम त्या पाच मिनिटांत धुऊन निघते. गल्ल्यावरच्या माणसाने बिल देण्याआधी ते ऑर्डरच्या कागदाशी ताडून पाहावे. जे बदलून दिले किंवा ज्याचे पैसे लावायचे नाहीत असे ठरले, ते बिलात आले नाही ना, हे विशेषतः पाहावे.

बंद होण्याच्या वेळी आलेल्या माणसाला शेवटची ऑर्डर कधी घेतली जाईल ते दारातच सांगावे. एकदा बसवल्यावर मात्र त्याच्या शेजारी खुर्च्या उलट्या टांगणे, दिवे मालवणे, फरशी धुणे यातले काही करू नये. हे जमणार नसेल तर नम्रपणे बसवूच नये.

निरोप देताना टेबलावर आणि खुर्चीखाली एक नजर टाकावी. छत्री किंवा चष्मा त्याच क्षणी हातात देता आला तर उत्तम.

टप्पा ९. बंद झाल्यावरची पंधरा मिनिटे

एक वही ठेवावी आणि त्यात फक्त हे लिहावे: आज कोणत्या टेबलाने काय दोनदा मागितले, कोणाला वाट पाहावी लागली आणि कोणती ताटे अर्धी परत आली. कोणाची चूक होती ते लिहू नये. ‘रात्री पाहू’ म्हणून ठेवलेले विषय याच वेळी, पण वही मिटल्यावर काढावेत. गिऱ्हाइकांच्या खासगी गोष्टी, ते कोणासोबत आले होते वगैरे, या वहीत येऊ नयेत.

आमच्या वहीत एका आठवड्यात चार वेळा एकच ओळ आली होती: ‘खांबामागचे टेबल, पाणी दोनदा मागितले.’ आम्ही आधी वाढणाऱ्या मुलाला बोललो. मग त्या टेबलाशी स्वतः बसून पाहिले, तेव्हा कळले की तिथून आपल्याला काउंटर दिसतो, पण काउंटरवरून ते टेबल दिसत नाही. दुसऱ्या दिवशी उघडण्यापूर्वी टेबल हातभर सरकवले आणि त्यावर पाण्याचा एक भरलेला तांब्या कायमचा ठेवला.